गेट बदललं, विमान गेलं: विमानतळावरच्या या चुका टाळा

विट्यात माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. खानापूर-आटपाडी भागातली गलाईची माणसं देशभर पसरलेली. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी बंगालात सोनं-चांदी गाळतंय. पूर्वी ही सगळी वर्दळ रेल्वेनं चालायची. आता जत्रेला, दिवाळीला, घरच्या लग्नाला माणसं विमानानं येतात, आणि गावाकडचे आईवडीलही नातवंडं बघायला विमानानंच जातात. विमान पकडायचं ते पुणे, मुंबई, नाहीतर कोल्हापुरातनं.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतले एक तात्या आणि काकू मुलाकडं कोचीला निघाले. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. बोर्डिंग पास मीच छापून दिला आणि त्यावरच्या गेटच्या आकड्याला लाल पेनानं गोल केला. म्हटलं, "तात्या, आत गेलं की ह्या नंबरच्या दारापाशी जाऊन बसायचं." ते दोन तास आधी तिथं जाऊन बसले. दरम्यान गेट बदललं. विमान कंपनीचा मेसेज आला तो माझ्या मोबाइलवर, कारण बुकिंग करताना नंबर मी माझा टाकला होता. मी तासगावात एका लग्नात होतो, मोबाइल गाडीच्या डिकीत. तात्यांनी शेवटी उठून एका कर्मचाऱ्याला कागद दाखवला, तेव्हा दुसरीकडचं गेट बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. फोनवर ते मला एवढंच म्हणाले, "आम्ही इथनं हललोच नाही की हो. पाणी प्यायलासुद्धा आळीपाळीनं उठलो."

त्यांनी मी सांगितलं ते तंतोतंत केलं होतं. सांगण्यातच चूक होती. त्यानंतर मी कुणाच्याही पासवर गेटला गोल करत नाही, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या गोष्टी बसवून समजावतो.

बुकिंगमध्ये दुसऱ्याचा नंबर

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती घर सोडायच्या आधीच होते. तिकीट काढणारा एजंट आपला नंबर टाकतो. कधी पुण्यातला भाचा तिकीट काढतो, तो स्वतःचा टाकतो. उड्डाणाची वेळ बदलली, उड्डाण रद्द झालं, गेट बदललं, की निरोप त्याच नंबरवर जातो. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या खिशातला फोन गप्पच राहतो.

यात पैशाचाही प्रश्न आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क दिला नसेल, तर रद्द झालेल्या उड्डाणाची आर्थिक भरपाई मिळत नाही. नंबर चुकीचा, तर हक्कही गेला.

म्हणून जो फोन प्रवाशाबरोबर विमानतळावर जाणार आहे, त्याचाच नंबर द्या. आईवडिलांकडं साधा बटणांचा फोन असला तरी चालेल, त्यावर एसएमएस येतो. तिकीट आधीच काढलेलं असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून नंबर बदलता येतो का ते बघा, नाहीतर कस्टमर केअरला फोन करून बदलून घ्या. हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे, पण निघण्याच्या दिवशी सकाळी करू नका. आणि एजंट "माझाच नंबर राहू द्या" म्हणाला तर ऐकू नका. हे मी एजंट असून सांगतोय. मेसेज इंग्रजीत येतो, त्यामुळं आईवडिलांना एक सवय लावून द्या: विमान कंपनीचा कुठलाही मेसेज आला की तो लगेच मुलाला पुढं पाठवायचा किंवा शेजारी बसलेल्याला वाचायला द्यायचा.

कागदावरचं गेट पक्कं मानणं

एसटीचा फलाट आणि विमानाचं गेट यात फरक आहे. कराड स्टँडवर पुण्याची गाडी रोज ठरलेल्या फलाटाला लागते. विमानतळावर गेट ठरतं ते विमान कुठल्या जागेवर उभं राहणार यावरून. आधीचं विमान उशिरा निघालं की ती जागा अडते आणि तुमचं विमान दुसरीकडं लावतात. ऐन वेळी विमानच बदललं, तरी जागा बदलते. कधी गेटपासून थेट विमानाच्या दारापर्यंत जाणाऱ्या पुलाऐवजी बसनं नेऊन विमानात चढवायचं ठरतं, मग गेट एकदम खालच्या मजल्यावर जातं. पासवर छापलेला आकडा हा पास काढला त्या वेळचा अंदाज असतो. वेब चेक-इन, म्हणजे इंटरनेटवरून पास काढणं, बहुतेक ठिकाणी ४८ तास आधी सुरू होतं, तेव्हा तर गेटची जागा बऱ्याचदा मोकळीच असते.

घोषणेवर विसंबून राहणंही धोक्याचं. मुंबईसारखे विमानतळ आता शांत विमानतळ झालेत. सगळीकडं ऐकू जाईल अशी घोषणा तिथं होत नाही, हाक देतात ती त्या गेटच्या आसपासच. तुम्ही जुन्या गेटपाशी बसला असाल, तर नव्या गेटवर तुमच्या नावानं दहा वेळा पुकारलं तरी तुमच्यापर्यंत काही पोचत नाही. तात्यांचं नेमकं हेच झालं.

मग करायचं काय? सुरक्षा तपासणी झाली की मोठ्या बोर्डावर गेट बघायचं. उड्डाणाच्या तासभर आधी परत बघायचं. आणि पासवर बोर्डिंगची वेळ लिहिलेली असते, त्या वेळेला तिसऱ्यांदा. गेटपाशी बसल्यावर वरच्या स्क्रीनवर तुमच्या विमानाचा नंबर आणि तुम्ही जाणार त्या गावाचं नाव दिसत नसेल, तर "लावतील थोड्या वेळानं" म्हणून थांबू नका. लगेच उठा आणि विचारा. रांगेत उभ्या माणसालाही विचारा, "कोचीचंच ना?" विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. रोज उडणारी माणसंही विचारतात.

बोर्ड बघताना गावाच्या नावावर जाऊ नका, विमानाचा नंबर जुळवा. एकाच गावाला अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन विमानं असतात. एकच विमान दोन कंपन्यांच्या दोन नंबरांनी विकलेलं असू शकतं, तेव्हा प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा नंबर तिकिटावर शोधून लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट, आमच्याकडं हमखास होणारी: पासवरचा १४सी हा सीट नंबर असतो, गेट नव्हे. लोक १४ नंबरच्या गेटपाशी जाऊन बसतात.

अ‍ॅपवर उशीर दिसला म्हणून निवांत निघणं

अ‍ॅपवर विमान दीड तास लेट दिसलं, म्हणून माणसं वाटेत जेवायला थांबतात. उशीर हा कमीही होतो. देशांतर्गत उड्डाणाचा चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आणि गेट २५ मिनिटं आधी बंद होतं. सामान द्यायचं असेल, तर काउंटर मूळ वेळेप्रमाणंच बंद होईल असं धरून चाला. कंपनीकडून वेळ बदलल्याचा लेखी मेसेज आला असेल तरच हिशोब बदला, आणि तेव्हाही काउंटरची वेळ फोन करून विचारा. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटरच आहे, पण खंबाटकीत एखादा ट्रक आडवा झाला की ते ११० किलोमीटर संपत नाहीत. विट्या-सांगलीच्या माणसांनी तर निवांत निघायचा विचारसुद्धा करू नये.

उशिराचा खरा अंदाज घ्यायचाच असेल, तर येणारं विमान कुठं आहे ते फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर बघा. तुमच्या उड्डाणाला लागणारं विमान अजून दिल्लीतच उभं असेल, तर बोर्डावर "वेळेवर" लिहिलेलं असलं तरी ते वेळेवर सुटणार नाही. हे विमानतळावर बसल्या बसल्या बघायचं, घरी बसून नव्हे.

इंटरनेटवर विमानाचा नंबर शोधताना तारीख तपासा. तोच नंबर रोज उडतो, त्यामुळं कालच्या उड्डाणाची माहिती समोर येते आणि माणूस "विमान उतरलंसुद्धा" म्हणून घाबरतो.

तारखेची आणि वेळापत्रकाची गफलत

तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० लिहिलं असेल, तर घर १४ तारखेला दुपारी सोडायचं. १५ च्या रात्री गेलात, तर विमान एक दिवस आधीच गेलेलं असतं. असं कुटुंबच्या कुटुंब परत आलेलं मी पाहिलंय, लहान पोरं गाडीत झोपलेली.

विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. गणपतीत काढलेलं डिसेंबरचं तिकीट असेल, तर नोव्हेंबरात वेळ पुन्हा तपासा.

टर्मिनलही बघा. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ यांच्यामध्ये रस्त्यानं जावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, म्हणजे "मुंबईचं विमान" म्हटलं की कुठलं, हे गाडीवाल्याला निघतानाच सांगा.

अडकलात तर

विमान दोन तासांहून जास्त रखडलं आणि प्रवास अडीच तासांपर्यंतचा असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय पुष्कळदा कुणी देत नाही. मागा. सहा तासांहून जास्त उशीर असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक निवडण्याचा हक्क तुमचा आहे. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं, तर प्रवासाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. हवामानासारख्या, कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला ही भरपाई नाही.

पुरावा मात्र तिथल्या तिथं गोळा करा. बोर्डाचा फोटो काढा, त्यात घड्याळ येऊ द्या. गेटवरच्या स्क्रीनचा फोटो, आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट, पास. नंतर हे काहीच मिळत नाही, बोर्ड तासाभरात पुसला जातो. तक्रार आधी कंपनीकडं लेखी करा. दाद नाही लागली तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोगात.

गेट चुकून विमान गेलंच, तरी तिकीट फाडून टाकू नका. भाडं परत न मिळणारं असलं, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं वापर शुल्क प्रवास न केलेल्या प्रवाशाला परत द्यावं लागतं. तात्यांसाठी मी तो अर्ज केला, पैसे आले, आणि दुसऱ्या खेपेचं तिकीट मी त्यांच्याच नंबरवर काढलं. त्या वेळी विमानतळावरनं त्यांचा फोन आला: "गेट बदललंय. मेसेज आला. आम्ही निघालोय तिकडं."