फॉरमॅट न मारता जुन्या बायॉसमधून यूईएफआयवर

"सिक्युअर बूट नाही म्हणतंय, म्हणजे मदरबोर्ड बदलावा लागेल." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागणाऱ्या विंडोज ११ वर जायची वेळ आली, तेव्हापासून हा सल्ला दुकानादुकानांत ऐकू येतो. दुसरा सल्ला त्याहून सोपा: "फॉरमॅट मारा, नवीन विंडोज टाका." ज्यांच्या कॉम्प्युटरवर टॅली, श्रीलिपी, दोन प्रिंटर आणि कधीतरी कुणीतरी बसवून दिलेली डिजिटल सहीची भानगड आहे, त्यांना विचारा फॉरमॅट मारणं म्हणजे काय ते. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

२०१८ नंतर असेंबल केलेल्या बऱ्याच पीसींचा बोर्ड यूईएफआयवालाच असतो, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या जुन्या बायॉसची जागा घेणारी नवी पद्धत त्यात असते. पण जोडणाऱ्याने सवयीने जुन्या पद्धतीचा पेनड्राइव्ह लावून विंडोज मारलेलं असतं. त्यामुळे डिस्कवर एमबीआर राहतं, म्हणजे १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आलेली विभागणी. त्यात दोन टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन होत नाहीत आणि सिक्युअर बूट तर चालूच करता येत नाही. ते सोडून जीपीटी (डिस्कची नवी विभागणी) आणि यूईएफआयवर यायचं, एवढंच काम आहे.

आधी विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ उघडा. 'बायॉस मोड'समोर 'लेगसी' लिहिलेलं असेल तर पुढे वाचा. 'यूईएफआय' असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, बोर्डाच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट आणि टीपीएम (गुप्त कीज सांभाळणारी सुरक्षेची सोय) चालू करा आणि मोकळे व्हा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ साठी हा खटाटोप करू नका. ते अधिकृतपणे मिळणारच नाही, अगदी मोजके अपवाद सोडले तर.

बॅकअप घ्या. बाहेरच्या डिस्कवर, आणि कॉपी झालेल्या चार फाइली उघडूनही बघा.

आता एक चाचणी, जी कुणीच सांगत नाही. काहीही बदलण्याआधी बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा (डिलीट किंवा एफ२) आणि सीएसएम (जुन्या बायॉसच्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद करून रीस्टार्ट करा. विंडोज चालू होणार नाही, होऊही नये. बघायचं एवढंच, की स्क्रीनवर बोर्डाचा लोगो आणि सेटिंगचं पान दिसतंय का. जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर स्क्रीन काळी ठिक्कर पडते किंवा बोर्ड बीप मारतो, कारण त्या कार्डाला यूईएफआयची भाषा येत नाही. तसं झालं तर कॉम्प्युटर बंद करून वायर काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून परत बसवा. कार्ड काढून बोर्डाच्याच एचडीएमआयला मॉनिटर लावता येतो का ते ठरवा. लोगो दिसला तर सीएसएम परत चालू करा आणि विंडोजमध्ये या. डिस्क बदलून झाल्यावर काळी स्क्रीन बघण्यापेक्षा हे आत्ता कळलेलं बरं.

आता खरी अडचण: पार्टिशन. सुरुवातीला मला याच पायरीने छळलं, आणि इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ ती गाळूनच टाकतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर एकटा सी ड्राइव्ह असतो, कमांड दिली की काम झालं. आपल्याकडे सी, डी, ई आणि कधीकधी एफसुद्धा असतो. "फॉरमॅट मारला तरी डीमधला डेटा राहतो" हे एक्सपीच्या काळापासून चालत आलेलं शास्त्र. मायक्रोसॉफ्टच्या रूपांतराच्या साधनाला मात्र तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन चालत नाहीत आणि एक्स्टेंडेड तर एकही चालत नाही. मग ते 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड' एवढंच म्हणतं आणि गप्प बसतं. कारण सांगत नाही.

म्हणून आधी डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि रंग बघा. पार्टिशनवरची गडद निळी पट्टी म्हणजे प्रायमरी. हिरवी चौकट म्हणजे एक्स्टेंडेड, आणि तिच्या पोटातल्या फिक्या निळ्या पट्ट्या म्हणजे लॉजिकल ड्राइव्ह. नेहमीचं चित्र असं असतं: डावीकडे छोटं 'सिस्टिम रिझर्व्ड', मग सी, मग डी, आणि शेवटी हिरव्या चौकटीत ई. अशा वेळी डीला हात लावायची गरज नाही. ईमधला डेटा बाहेर काढा, ई डिलीट करा, आणि त्यानंतर उरलेली हिरवी चौकटही डिलीट करा. ही दुसरी डिलीट लोक विसरतात आणि "ई काढला तरी होत नाही" म्हणून फोन करतात. जागा काळ्या पट्टीची, 'अनअलोकेटेड', दिसली पाहिजे. डीसुद्धा हिरव्या चौकटीतच असेल तर त्यालाही हाच नियम. हिरवं काहीच नाही पण निळ्या पट्ट्या चार आहेत, तरीही एक कमी करावी लागेल. सीच्या शेजारचं रिकव्हरीचं पार्टिशनही त्यात मोजलं जातं. लॉजिकलचं प्रायमरी फुकटात करून देणारी सॉफ्टवेअर भरपूर मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: डेटा बाहेर असेल तर त्यांची गरज नाही, आणि डेटा बाहेर नसेल तर ती वापरायचं धाडस करू नये.

याच पायरीत आणखी एक सापळा आहे. मूळ पीसीत हार्ड डिस्क होती, नंतर कुणीतरी एसएसडी बसवून विंडोज त्यावर घेतलं, पण बूट होण्याच्या फाइली जुन्या डिस्कवरच्या 'सिस्टिम रिझर्व्ड'मध्येच राहिल्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'सिस्टिम' हा शब्द एका डिस्कवर आणि 'बूट' दुसऱ्या डिस्कवर दिसला तर समजा तुमचंही तेच. अशा अवस्थेत रूपांतर करू नका. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून तो 'अॅक्टिव्ह' करा. मग अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: ही कमांड द्या. कॉम्प्युटर बंद करा, जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढा आणि एकट्या एसएसडीवर विंडोज सुरू होतं का बघा. झालं सुरू, तरच पुढे जा, आणि ती केबल काम संपेपर्यंत लावू नका.

त्यानंतरचं काम दहा मिनिटांचं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर सस्पेंड करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करा: एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस. सगळं इंग्रजी अक्षरांत, जागा फक्त तिरप्या रेघेच्या आधी. ही कमांड डिस्कला हात लावत नाही, फक्त तपासते. पास झालं की तीच ओळ परत द्या, 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट' लिहून. हे साधन विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे, डाउनलोड काही करायचं नाही. शेवटी रीएजंटबद्दल (विंडोजच्या रिकव्हरीच्या सोयीबद्दल) तक्रार दिसली तर घाबरू नका, डिस्क बदलून झालेली असते.

रीस्टार्ट करून थेट बोर्डाच्या सेटिंगमध्ये जा, सीएसएम बंद करा आणि बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. क्रम महत्त्वाचा: आधी रूपांतर, मग हा बदल. विंडोज सुरू झालं की परत सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू करा. टीपीएम या नावाने बहुतेक वेळा सापडणार नाही. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम शोधा. सिक्युअर बूट चालू करूनही 'नॉट अॅक्टिव्ह' दाखवत असेल तर त्याच पानावर कारखान्याच्या कीज परत भरण्याचा पर्याय असतो, तो दाबा.

आता एमएसइन्फो३२ मध्ये 'यूईएफआय' दिसेल. रीएजंटची तक्रार आली होती त्यांनी रीएजंटसी /डिसेबल आणि मग रीएजंटसी /इनेबल द्यायचं. काळ्या जागेत ई परत तयार करा आणि त्याला ईच अक्षर द्या. टॅलीच्या डेटाचा मार्ग त्या अक्षरावर बांधलेला असतो, अक्षर बदललं की कंपनीच दिसत नाही आणि लोक डेटा गेला म्हणून रडायला लागतात. जुनी हार्ड डिस्क परत लावायची असेल तर खुशाल लावा. ती फक्त डेटासाठी असेल आणि दोन टीबीपर्यंतची असेल तर एमबीआरच राहू द्या, विंडोज ती वाचतं.