उत्तरा आणि हस्त हातचे जाऊ देऊ नका: सोलापूरकडच्या ज्वारी पेरणीसाठी सल्ला

पावसाचं पूर्वा नक्षत्र लागलं की मोहोळ-मंगळवेढ्याकडं पारावर एकच विचारणा सुरू होते: "पुढच्या नक्षत्राला वाहन काय हाय?" म्हैस किंवा बेडूक निघाला की चांगल्या पावसाच्या आशेनं मन हलकं होतं, कोल्हा निघाला की बियाण्याची पिशवी परत कोपऱ्यात जाते. हे वाहन निघतं कसं? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, त्याला नवानं भागायचं आणि उरेल त्या आकड्याचा प्राणी धरायचा. या हिशेबात ढग नाही, वारा नाही, तुमच्या रानाची ओल तर नाहीच. म्हणून वाहनावर पेरणी अडवू नका.

नक्षत्राची तारीख मात्र सोडू नका. आकाशातल्या वर्तुळाचे 27 भाग, एकेक 13 अंश 20 कलांचा. चंद्र एक भाग साधारण दिवसात ओलांडतो, सूर्याला 13-14 दिवस लागतात. आपली पावसाची नक्षत्रं सूर्याची, म्हणून ती दरवर्षी त्याच तारखेला येतात, फार तर एका दिवसाचा फरक. उत्तरा 13 सप्टेंबरच्या सुमारास, हस्त 27 च्या, चित्रा 10 ऑक्टोबरच्या, स्वाती 24 च्या. तिथीचं तसं नाही. 2023 ला अधिक श्रावण होता, गणपती 19 सप्टेंबरला बसले. 2025 ला 27 ऑगस्टलाच. गणपती किंवा घट धरून पेरणाऱ्याचा हंगाम तीन-तीन आठवडे मागंपुढं होतो, उत्तरा धरणाऱ्याचा होत नाही. हस्त लागला की पोरी हादगा मांडायच्या, तोही सूर्याच्याच चालीवर. आजीला तारीख ठाऊक नसे, पण पेरणीची पाभर कधी काढायची ते ठाऊक असे.

कोरडवाहू रब्बी ज्वारीची शिफारस 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा, हस्त आणि चित्राचे पहिले चार-पाच दिवस. आपल्याकडं सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो आणि ज्वारी पुढं त्याच साठलेल्या ओलीवर जगते. घाई करून त्याआधी पेरलं तर खोडमाशी रोपाचे मधले कोंब (पोंगे) मारते, उशीर केला तर कणसात दाणा भरताना ओल संपलेली असते. हलकं, मुरमाड रान ओल धरत नाही, ते उत्तरातच उरका, फुले अनुराधा हे वाण घ्या. मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी काळ्या रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. ते रान हस्ताच्या शेवटापर्यंत थांबू शकतं. मालदांडी हे वाण आपल्या मोहोळचंच, भाकरीला आणि कडब्याला आजही कोण नाही म्हणतं?

पण तारीख आली म्हणजे वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आला असं नव्हे. 2025 ला ऐन उत्तरात सीना नदीला पूर आला आणि काठची रानं तुंबून राहिली. अशा चिखलात पाभर घातली की माती घट्ट बसते, उगवण विरळ होते. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर पेरा, चिकटून राहिला तर थांबा. वाफसा आल्यावर मात्र पंचांगातल्या चांगल्या चंद्रनक्षत्रासाठी एखादा दिवस थांबलात तर चालेल, चार दिवस नाही. ऑक्टोबरचं ऊन वरची ओल झपाट्यानं ओढतं.

पेरण्याआधी बियाण्याला किलोमागं 4 ग्रॅम गंधक चोळा, काणी हा कणसाचा बुरशीरोग टळतो. खोडमाशीचं औषध लेबलावरच्या मात्रेनंच लावा. एकरी 4 किलो बी पुरतं, दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर. दोन चाड्यांच्या पाभरीनं बी आणि खत एकदमच जाऊ द्या. कोरडवाहूला नंतर वरून टाकलेला युरिया ओलीअभावी तसाच पडून राहतो. उतारावर आडवं पेरा.

यानंतर खरा जीव कोळपणीत, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं हलवण्यात आहे. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासाचं, आठव्यात दातेरी. काळं रान तडकू लागलं की भेगांतून ओल उडते, दातेरी कोळपं त्या बुजवतं. मजूर मिळत नाहीत म्हणून ही शेवटची पाळी बरेच जण सोडतात, आणि मग कणीस पोसत नाही म्हणून बियाण्याला नावं ठेवतात.

चित्रा निम्म्या होऊनही रान पेरण्याजोगं झालं नाही तर ज्वारीचा हट्ट सोडा. पाण्याची सोय असेल तर 20 ऑक्टोबरनंतर हरभरा घ्या.