मोरो सगळ्यात शेवटी

मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात बालरोग विभागाची पोस्टिंग लागली की एखादी सीनियर केसपेपरचा गठ्ठा हातात देते आणि म्हणते, “राऊंडच्या आत सगळ्या बाळांचे रिफ्लेक्स बघून ठेव.” हे रिफ्लेक्स, म्हणजे नवजात बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, कसे बघायचे ते पुस्तकात असतंच. कधी बघायचे, तिथे गाडी अडते.

भुकेलं बाळ रडत असतं, दूध पिऊन झालेलं गुंगीत असतं. दोन्ही वेळा फसगत होते. दोन पाजण्यांच्या मधली वेळ गाठा. सिस्टर आणि आई अचूक सांगतात. हात चोळून गरम करा, अंगावरचा पंखा बंद करा.

आधी हात न लावता नुसतं पाहा: हातपाय दोन्हीकडे सारखे हलतायत का? मग गालाला बोट लावल्यावर तोंड वळणं, चोखणं, तळहाताची आणि तळपायाची पकड. मोरो, म्हणजे दचकून हात फाकण्याचा रिफ्लेक्स, शेवटी, कारण त्यानंतर बाळ बहुधा भोकाड पसरतं आणि बाकीची तपासणी राहते.

डोकं आणि खांदे हातांवर पेलून किंचित उचला, मग डोकं इंचभर मागे जाऊ द्या. आपला हात खाली हवाच. बाळाचे हात फाकतात, बोटं उघडतात, नंतर हात पुन्हा छातीकडे येतात. डोकं मध्यभागी ठेवा. ते वळलेलं असेल तर निरोगी बाळाचेही हात कमीजास्त उघडतात. सरळ ठेवूनही एकच हात मागे राहिला तर त्या बाजूचं कॉलरबोन चाचपा, प्रसूतीत खांदा अडकला होता का ते कागदांत शोधा. हात उठत नाही पण मुठीची पकड घट्ट, असं दिसलं की अर्ब्ज पाल्सी (प्रसूतीत मानेजवळच्या नसा ताणून हात लुळा पडणं) आठवा. म्हणून नुसतं ‘मोरो आहे’ लिहिणं मला अर्धवट वाटतं. दोन्ही बाजू सारख्या का, बाळ जागं होतं का, तेही लिहा.

३४ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ नीट चोखत नसेल तर लगेच मेंदूवर खापर फोडू नका. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण तेव्हाच बसू लागतो.

खाटेशी आजी असतेच. “अहो डॉक्टर, मान!” म्हणून ओरडण्याआधी तिला काय करणार ते सांगा. “झोपेत दचकतं, नजर लागली का?” हेही ती विचारेल. हे दचकणं याच वयाचं आहे आणि चार ते सहा महिन्यांत जातं, सहा महिन्यांनंतरही राहिलं तर दाखवायला या, असं डिस्चार्जच्या आधीच सांगा. विरार-कल्याणहून आलेली माणसं पुन्हा भेटली तर दीड महिन्याच्या लसीलाच, तीही बहुधा घराजवळच्या केंद्रावर.