रिअ‍ॅक्शन टाइम: खो-खोच्या मैदानावर या चुका टाळा

सुट्टीतली शिबिरं सुरू झाली की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. 'सर, महिन्याभरात याचा रिअ‍ॅक्शन टाइम किती कमी होईल?' म्हणजे इशारा मिळाल्यापासून हलायला लागणारा वेळ. सोबत मोबाइलवरच्या 'हिरवा दिवा लागला की टॅप करा' छाप चाचणीतला एक आकडाही दाखवतात.

तर पहिलं म्हणजे मोबाइलवर मोजू नका. साध्या स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं, म्हणजे 16 मिलिसेकंदांपर्यंतचा घोळ तिथेच. टचचा उशीर वेगळा. फोन बदलला की आकडा बदलतो, आणि पोरं अंदाजाने टॅप करून त्यातला सगळ्यात छोटा आकडा घरी दाखवतात. मी साधी 30 सेंमीची पट्टी वापरतो. जोडीदाराने ती सोडायची, मुलाने चिमटीत पकडायची. 20 सेंमीवर पकडली तर सुमारे 0.20 सेकंद, 15 वर 0.175. सोडण्याआधी थांबायचं ते दर वेळी कमी-जास्त, आणि वहीत मधला आकडा लिहायचा, सर्वांत चांगला नव्हे. पाचाच्या आत पकडली तर त्याने अंदाज मारलाय, खुशाल खोडा. धावण्याच्या शर्यतीतही इशाऱ्यानंतर 0.1 सेकंदाच्या आतला सुटणारा बाद होतो. 2022 साली अमेरिकेतल्या युजीनच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत तिथलाच धावपटू डेव्हन अ‍ॅलन 0.099 वर सुटला आणि 110 मीटर अडथळ्यांची अंतिम फेरी त्याला बाहेरून बघावी लागली.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: सरावाने नसाच वेगवान होतात ही समजूत. एका संघाने पोरांची निवडच मोबाइलच्या आकड्यांवर केली. सामन्यात त्यांचा सगळ्यात 'फास्ट' मुलगा पाटीवर बसलेला. पळणाऱ्याने समोरून नुसती खांद्याची हूल दिली आणि हा खो मिळायच्या आधीच उठला. फाउल. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. पंचांनाही हसू आवरेना. अहो, खो पाठीमागून येतो, स्पर्शाने आणि आवाजाने. तिथे हिरव्या दिव्याची परीक्षा काय कामाची? आवाजाला माणूस तसाही दिव्यापेक्षा लवकर उठतो.

मानसशास्त्रज्ञ पीटर मॅक्लाउड यांनी 1987 मध्ये आंतरराष्ट्रीय फलंदाजांना चटईखाली लाकडी कांब्या दडवलेल्या खेळपट्टीवर खेळवलं. चेंडू अचानक वळला की बॅट वळवायला त्यांनाही साधारण 200 मिलिसेकंद लागले, म्हणजे तुमच्या-आमच्याइतकेच. त्यांचं कसब गोलंदाजाकडे बघून आधीच ओळखण्यात. म्हणून मी पोरांना पळणाऱ्याच्या कमरेकडे बघायला लावतो. खांदे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही. खो देणाऱ्यालाही सांगून ठेवतो, मधेच नुसता पाठीमागे येऊन थांब, खो देऊच नकोस. उठेल त्याला पुन्हा बसवायचं. कंटाळवाणं आहे. पंधरा दिवसांत फरक हवा असणारे इथेच गळतात.

बाकीच्या चुका किरकोळ. ठरावीक ठेक्यात टाळ्या वाजवून सुटण्याचा सराव घेऊ नका, पोरं तबलजीसारखी समेची वाट बघतात आणि ती प्रतिक्रिया नव्हे. यूट्यूबवर बघून आणलेल्या, जमिनीवर अंथरायच्या रंगीत शिड्यांनी पाय चपळ होतील, पण हूल ओळखता येणार नाही. दमल्यावर शेवटी चाचणी नको. आणि रात्री बारापर्यंत रील्स बघून पहाटे मैदानावर आलेल्या मुलाचा आकडा मी वहीत लिहीतच नाही.