एरियात मोठा प्रोजेक्ट येतोय? हरकत टाकायच्या आधी हे बघा

सोसायटीच्या ग्रुपवर "झाडं तोडतायत हो" म्हणून ओरडून काही होत नाही, प्रोजेक्टचा पर्यावरणावर काय परिणाम होणार त्याचा रिपोर्ट (ईआयए) वाचायलाच लागतो. २००६ च्या ईआयए नोटिफिकेशनमध्ये बसणारा प्रोजेक्ट असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर कागद शोधा, जनसुनावणी असेल तर नोटीस किमान ३० दिवस आधी पेपरात येते. बिल्डिंग प्रोजेक्टला मात्र जनसुनावणी नसतेच, उगाच वाट बघू नका.

आधी बेसलाइन, म्हणजे आत्ता काय परिस्थिती आहे ते. हवेची मापं कुठल्या महिन्यात घेतलीत ते बघाच, कारण पावसाळ्यात पुण्याची हवा धुऊन निघते आणि तेच आकडे धरले तर सगळं छानच दिसणार ना. पीएम २.५ ची (हवेतले अगदी बारीक कण) आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची ५, त्यामुळे "मर्यादेत आहे" लिहिलं असेल तर कुणाच्या, ते विचारा. आवाज निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल.

रिपोर्टमधला लोकांवर काय परिणाम होईल हा भाग बहुतेक वेळा दोन पानांत उरकलेला असतो (माझा राग तिथेच). म्हणून स्वतः फिरा, कोपऱ्यावरचा भाजीवाला कुठे जाणार, आज्जी रस्ता कसा ओलांडणार, वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी पाणी मुरायचं कुठे, फायदा कुणाला आणि ताप कुणाला, सगळं लिहून काढा. जमीन घेणार असतील तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालचा सोशल इम्पॅक्ट रिपोर्ट मागा.

हरकत लेखीच द्या, प्रत्येक मुद्द्याला पान नंबर टाका, आणि पोचेचा शिक्का मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका.