पाकिटावर नाव हवंच
गेल्या दिवाळीत कुणीतरी दिलेली भाजणीची चकली घरात सगळ्यांना आवडली. पाकिटावर मात्र नुसतं ‘चकली, पाव किलो’. पुन्हा मागवायची कुणाकडून? फार हळहळ वाटली. घरगुती फराळ, मसाले विकणाऱ्यांनो, पाकिटावर ठळक नाव, मोबाइल नंबर आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ अंकी क्रमांक छापाच. पाटी, पिशवी, बिल, व्हॉट्सअ‍ॅप, सगळीकडे तेच नाव, तोच रंग. पाटीवर आजीचं नाव आणि बिलावर भलतंच, असं झालं की गिऱ्हाईक गोंधळतं. नाव रुळायला लागलं की ट्रेडमार्कचा, म्हणजे ते नाव कायद्याने आपलं करून घेण्याचा, अर्ज करा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. तेच नाव आधी कुणी घेतलंय का, हे सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. लेबलं छापण्याआधीच बघा.