अडुळशाचा रस काढताना

आमच्या बीडकडं परसात, बांधाला अडुळसा हमखास दिसतो. शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून टिकतो. खोकला सुरू झाला की त्याचीच सात-आठ पानं घरात येतात. कच्ची वाटली तर रस कमी, चोथाच जास्त. पानं धुऊन चाळणीत वाफवा किंवा तव्यावर मऊ पडेपर्यंत शेका, मग कुस्करून फडक्यात पिळा. हिरवागार, कडूजहर रस गळतो. मोठ्या माणसाला दोन चमचे पुरे, त्यात चमचाभर मध. चिकट कफ सुटायला याचा उपयोग; पानातल्या वासिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचं औषध निघालं.

गरोदर बाईला मात्र हा रस अजिबात देऊ नका, वासिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

जुनी माणसं खोकल्यातून रक्त पडलं तरी अडुळसाच पाजत. आयुर्वेदात रक्तपित्तावर, म्हणजे अंगातून रक्त पडण्याच्या विकारावर, तो सांगितलाय, हे खरं. पण रक्त दिसलं किंवा खोकला दोन आठवडे हटला नाही, तर आधी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते.